देणगी खाटेला की मुलाला? ग्रामीण आफ्रिकेतल्या बालगृहांविषयीच्या वादाचा आढावा

मलावीची राजधानी लिलाँग्वेहून पश्चिमेला निघालं, की झांबियाची हद्द लागण्याआधी मचिंजी जिल्हा येतो. मका आणि तंबाखूचा मुलूख. २००६ साली या एकाच जिल्ह्यात दोन गोष्टी घडल्या. ऑक्टोबरात मॅडोना ही गायिका इथल्या ‘होम ऑफ होप’ या बालगृहात आली आणि तिथलं वर्षभराचं एक मूल दत्तक घ्यायला निघाली. पत्रकार मुलाच्या गावापर्यंत पोचले तेव्हा जगाला कळलं, की ‘अनाथ’ मुलाचे वडील हयात आहेत. बायको बाळंतपणानंतर लगेच गेली, तान्ह्याला दूध कुठून आणायचं, म्हणून त्यांनी बाळ संस्थेत ठेवलं होतं.

दुसरी गोष्ट फारशी कुणाच्या कानावर गेली नाही. मलावी सरकारने त्याच वर्षी त्याच मचिंजीत एक प्रयोग सुरू केला. अतिशय गरीब आणि कमावता हात नसलेल्या घरांना दरमहा रोख रक्कम द्यायची. आजी आणि चार नातवंडं, अशी ती घरं. शाळेत जाणाऱ्या मुलामागे वाढीव रक्कम, माध्यमिक शाळेत असेल तर आणखी थोडी जास्त. या घरांतली मुलं अधिक नियमित शाळेत जाऊ लागली आणि अधिक पोटभर जेवू लागली, असं पाहणीत दिसलं. पुढे ही योजना देशाच्या सगळ्या २८ जिल्ह्यांत गेली. तिचाही मोठा हिस्सा परदेशी पैशांवरच चालतो.

आफ्रिकेच्या खेड्यात देणग्यांवर बालगृह आणि शाळा चालवावी का, आणि चालवायची तर कशी, हा वाद या दोन गोष्टींच्या मधल्या जागेत आहे. पैसा दोन्हीकडे बाहेरचाच आहे. तो कशाला बांधायचा, खाटेला की मुलाला, एवढाच फरक.

बालगृहं आली कुठून

मुळं मिशनऱ्यांच्या काळातली आहेत, आणि मराठी वाचकाला ती अनोळखी नाहीत. पंडिता रमाबाईंच्या कामासाठी १८८७ मध्ये बोस्टनला ‘रमाबाई असोसिएशन’ उभी राहिली होती. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातल्या मुली आल्या, त्यांच्या धान्यामागे परदेशी भाविकांचा पैसा होता. दूरच्या देशातले देणगीदार, त्यांना नेमाने जाणारं वार्तापत्र, आणि एकाच आवारात घर, शाळा, शेती नि प्रार्थना हा साचा पूर्व आफ्रिकेतही रुजला.

आजची संख्या मात्र वाढली ती एड्सच्या साथीत. विसाव्या शतकाच्या अखेरीला युगांडा, केनिया, मलावी, झांबिया इथल्या गावांतून ऐन कमावत्या वयाची पिढी निघून गेली. २००३ च्या सुमारास सहाराखालच्या आफ्रिकेत एड्समुळे आईवडिलांपैकी किमान एक गमावलेली मुलं १ कोटी २० लाखांच्या घरात होती. ‘किमान एक’ हे दोन शब्द महत्त्वाचे आहेत. युनिसेफच्या व्याख्येत एक पालक गेला तरी मूल ‘अनाथ’ ठरतं. व्याख्येमागचा हेतू चांगला होता, अशा मुलांनाही मदत मिळावी. पण देणगीच्या पत्रकावर तो आकडा छापला गेला, की वाचणाऱ्याच्या डोळ्यापुढे जगात कुणीच नसलेलं मूल उभं राहतं. मराठीत आपण बाप गेलेल्या पोराला पोरकं म्हणू, पण आई जिवंत असताना त्याला अनाथाश्रमात घालायचा विचार सहसा पहिला येत नाही.

संस्थांनीही फसवाफसवी केली असं सरसकट म्हणता येत नाही. साथीच्या ऐन भरात औषधं नव्हती. एकेका आजीच्या अंगावर आठ-दहा नातवंडं पडत होती. दारात आणून सोडलेल्या मुलाला घरात घेणं ही माणुसकी होती. नंतर एचआयव्हीवरची औषधं आली. २००३ मध्ये अमेरिकेने ‘पेपफार’ हा एड्सविरोधी मदत कार्यक्रम सुरू केला आणि त्यातला दहा टक्के निधी अनाथ व असुरक्षित मुलांसाठी राखला. आईबाप जगू लागले. बालगृहं मात्र तिथेच राहिली, कारण खाटा भरणारं दुसरं कारण तयार होतं. ते कारण म्हणजे गरिबी, आणि त्याहूनही शाळा.

शाळेच्या ओढीने

मलावीने १९९४ मध्ये, युगांडाने १९९७ मध्ये, केनियाने २००३ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत केलं. मलावीत पटसंख्या सुमारे १९ लाखांवरून वर्षभरात ३० लाखांच्या आसपास गेली. मुलं आली, पण त्या वेगाने शिक्षक आणि वर्ग आले नाहीत. झाडाखाली भरणारा शंभराचा वर्ग हे चित्र तेव्हापासूनचं. ‘मोफत’ शाळेलाही गणवेश, वह्या, परीक्षा शुल्क आणि पालकसभेची वर्गणी लागतेच. माध्यमिक शाळा तर दूरच्या गावी, आणि बहुधा निवासी.

अशा ठिकाणी देणगीवर चालणारी शाळा उघडते. वर्गात चाळीस मुलं, दुपारी उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा, आणि घेवड्याचं कालवण, इंग्रजी बोलणारे शिक्षक. आई काय विचार करेल? संस्थेचा नियम ‘फक्त अनाथ’ असा असेल, तर ती मुलाला मामाच्या नावाने घेऊन येईल. तिच्या लेखी हा मुलाचा त्याग नसतोच, बोर्डिंगात प्रवेश असतो. केनियात निवासी शाळेला मोठी प्रतिष्ठा आहे, आणि खेड्यातल्या बाईला ‘चिल्ड्रन्स होम’ आणि ‘बोर्डिंग स्कूल’ यांतला भेद कुणी समजावून सांगितलेला नसतो. देणगीदार जिला निवारा समजतो ती खाट कुटुंबाच्या दृष्टीने शाळेची फी असते.

सेव्ह द चिल्ड्रन संस्थेने २००९ च्या अहवालात जगभरच्या संस्थांतल्या दर पाच मुलांपैकी किमान चौघांचे आई किंवा वडील हयात असल्याचं मांडलं. पुढच्या दशकभरातल्या धोरणांवर या आकड्याची छाप आहे.

कुटुंबाची बाजू

ही बाजू आज आंतरराष्ट्रीय पातळीवर सर्वमान्य आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २००९ मध्ये पर्यायी संगोपनाची मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली आणि २०१९ च्या ठरावात संस्थांची जागा हळूहळू कुटुंबाधारित संगोपनाने घ्यावी, असं स्पष्ट म्हटलं. आधार वैज्ञानिक आहे. रुमानियात २००० च्या सुमारास सुरू झालेल्या बुखारेस्ट अभ्यासात संस्थांतल्या १३६ तान्ह्या मुलांपैकी निम्मी चिठ्ठ्या टाकून पालककुटुंबांत पाठवली गेली. दोन वर्षांची होण्याआधी घरात गेलेल्यांची बौद्धिक वाढ स्पष्टपणे चांगली झाली. तान्ह्या मुलाला रोज एकच कूस लागते, आणि पाळीने बदलणाऱ्या काळजीवाहिकांना ती देता येत नाही. या मुद्द्यावर आता जवळपास कुणी वाद घालत नाही.

धोरण म्हणून हे राबवून दाखवलं ते रवांडाने. २०१२ च्या सुमाराच्या पाहणीत तिथे ३३ संस्थांत ३,३२३ मुलं आढळली. सरकारने संस्था टप्प्याटप्प्याने बंद करण्याचं धोरण घेतलं. प्रत्येक गावात एक स्त्री आणि एक पुरुष असे ‘कुटुंबाचे मित्र’ नेमले आणि ‘मलायिका मुरिन्झी’, म्हणजे रक्षक देवदूत, या नावाने पालककुटुंबं उभी केली. १९९४ च्या नरसंहारानंतर हजारो घरांनी परक्याची मुलं सांभाळली होती, ती सवय कामी आली. पण रवांडा लहान देश आहे, आणि तिथे राजधानीतून निघालेला हुकूम शेवटच्या टेकडीपर्यंत पोचतो. केनिया किंवा युगांडात तो पोचेलच असं नाही.

संस्थेची बाजू

या बाजूचं म्हणणं अनेकदा नीट ऐकून न घेताच बाद केलं जातं, म्हणून जरा थांबतो.

अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी २००९ मध्ये केनिया, टांझानिया, इथिओपिया, कंबोडिया आणि भारत (हैदराबाद व नागालँड) इथल्या सहा ते बारा वर्षांच्या २,८०० हून अधिक मुलांची तुलना मांडली. निम्मी संस्थांत, निम्मी नातेवाइकांकडे. आरोग्य, स्मरणशक्ती, आकलन, यांपैकी कशातही संस्थेतली मुलं मागे नव्हती. फरक संस्था आणि घर यांच्यात कमी आणि एका संस्थेत नि दुसऱ्या संस्थेत जास्त होता. पश्चिम केनियातल्या उआसिन गिशू भागात २०१० पासून चाललेल्या अभ्यासातही पांघरूण, पायांत बूट, दोन जोड कपडे अशा साध्या गोष्टी संस्थेतल्या मुलांकडे अधिक प्रमाणात सापडल्या.

आक्षेप उघड आहेत. बूट मोजता येतात, माया मोजायची कशी? बुखारेस्टची मुलं तान्ही होती आणि ही शाळकरी, त्यामुळे दोन्ही निष्कर्ष एकाच वेळी खरे असू शकतात. माझ्या मते ते तसे आहेतच, आणि वादाचा बराचसा गोंगाट दोन वयोगटांची सरमिसळ केल्यामुळे होतो.

‘नातेवाईक’ हाही सरसकट सुरक्षित शब्द नाही. अर्थशास्त्रज्ञ अॅन केस आणि सहकाऱ्यांनी दहा आफ्रिकी देशांतल्या घरांची आकडेवारी २००४ मध्ये तपासली. एकाच छपराखाली राहणाऱ्या मुलांत अनाथ मूल शाळेत असण्याची शक्यता घरच्या मुलांपेक्षा कमी निघाली, आणि नातं जितकं दूरचं तितकी ती आणखी कमी. काकूच्या घरी वाढलेल्या पोराची कथा आपल्याकडेही कुणाला नवी नाही.

संस्थांमध्येही घरासारखं काही करण्याचे प्रयत्न झाले. ऑस्ट्रियात १९४९ मध्ये सुरू झालेल्या एसओएस बालग्रामांनी एका घरात एक ‘आई’ आणि मोजकी मुलं, ही पद्धत आफ्रिकेतही नेली. पण याच संघटनेला २०२१ मध्ये आपल्या काही केंद्रांत मुलांच्या सुरक्षिततेबाबत गंभीर चुका झाल्याचं जाहीर मान्य करावं लागलं. रचना चांगली असली तरी वर नजर ठेवणारी व्यवस्था वेगळी उभारावी लागते.

पैशाचं गणित

वादविवादात हा भाग पटकन उरकला जातो, प्रत्यक्ष चालवणाऱ्याची रात्र मात्र याच्यातच जाते. शंभर मुलांचं घर धरा. माणशी दिवसाला ४०० ग्रॅम मक्याचं पीठ म्हटलं तरी वर्षाला साडेचौदा टन लागतं, केनियात मका ज्या ९० किलोच्या पोत्यात मोजतात तशी १६० वर पोती. यात घेवडा, तेल, मीठ, साखर, सरपण, साबण, मुलींचे पॅड, मलेरियाची औषधं आणि कूपनलिकेच्या पंपाचा बिघाड धरलेला नाही. स्वयंपाकीण, रखवालदार, शिक्षक यांचे पगारही नाहीत.

आणि देणगीदाराला पगार द्यायला आवडत नाही. त्याला वर्गखोली आवडते, कारण तिच्यावर पाटी लावता येते. मग आवारात तीन पाट्यांच्या तीन खोल्या उभ्या राहतात आणि गणिताचा शिक्षक दोन महिने पगार न मिळाल्याने सरकारी नोकरीच्या मुलाखतीला जातो. त्यात शाळेचे नियम बदलतात. केनियात नवा अभ्यासक्रम आला, आठवीची जुनी केसीपीई परीक्षा २०२३ मध्ये शेवटची झाली, सातवी ते नववीचा नवा टप्पा आला आणि त्याच्या प्रयोगशाळेचा खर्च कुठल्याच देणगीदाराच्या यादीत नव्हता.

वर चलनाचा खेळ. २०२३ च्या सुरुवातीला १०० डॉलरचे सुमारे १२,३०० केनियन शिलिंग येत, वर्षभराने १६,००० च्या आसपास, आणि २०२४ च्या उत्तरार्धात पुन्हा १३,००० च्या आत. देणगीदाराने रक्कम बदलली नाही, तरी संस्थेच्या हातातली पोती वाढली आणि घटली. मलावीत नोव्हेंबर २०२३ मध्ये क्वाचाचं एका झटक्यात ४४ टक्के अवमूल्यन झालं. डॉलर मिळणाऱ्याला वाटलं फायदा झाला, पण बाजारात खत आणि मका त्याच्या आधीच महागले.

यावर तीन वाटा काढल्या गेल्या. सर्वांत जुनी वाट म्हणजे एका देणगीदाराला एक मूल जोडून देणं. प्लॅन ही संस्था १९३७ मध्ये स्पेनच्या यादवीतल्या मुलांसाठी याच कल्पनेवर निघाली. टीकाही जुनी आहे: ‘न्यू इंटरनॅशनलिस्ट’ने १९८२ मध्ये वाचकांना मूल पुरस्कृत करू नका असंच मुखपृष्ठावरून सांगितलं, आणि १९९८ मध्ये ‘शिकागो ट्रिब्यून’ने मरण पावलेल्या मुलांच्या नावे पैसे येत राहिल्याचं उघड केलं. पण २०१३ मध्ये वायडिक, ग्लूवी आणि रटलेज या अर्थशास्त्रज्ञांनी केनिया, युगांडा, भारत धरून सहा देशांत मोठी झालेली अशी मुलं शोधली. ती इतरांपेक्षा एक ते दीड वर्ष जास्त शिकलेली निघाली. यात एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. ती मुलं घरीच राहत होती. पैसा एका मुलाच्या नावाने आला, म्हणून त्याला खाट लागलीच असं नाही.

दुसरी वाट स्वतःच्या पायावर उभं राहण्याची. केनियात चार्ल्स मुली यांनी १९८९ मध्ये सुरू केलेली संस्था यट्टाच्या कोरड्या भागात बागायती करून खर्चाचा काही भाग भागवते. अनेक शाळा फी भरणारी बाहेरची मुलं घेतात आणि त्यातून आतल्यांचा खर्च काढतात. जमीन, पाणी आणि धंद्याची नजर असलेला संस्थापक असेल तर हे जमतं. संस्थापक गेला की काय, हा प्रश्न मात्र जवळपास प्रत्येक ठिकाणी आहे.

तिसरी वाट नैऋत्य युगांडाच्या कानुंगु जिल्ह्यात दिसते. ट्वेसिग्ये जॅक्सन कागुरी अमेरिकेत राहत होते. एड्सने त्यांचा भाऊ गेला होता. घर घेण्यासाठी साठवलेले ५,००० डॉलर त्यांनी २००१ मध्ये आपल्या गावी शाळा बांधायला घातले. न्याका ही ती शाळा. मुलं झोपतात आजीच्या घरीच. पण आजीचं छप्पर गळतं, मग छप्पर. शौचकूप नाही, मग शौचकूप. चुलीचा धूर होतो, मग धूर कमी करणारं स्वयंपाकघर. आज्यांचे गट झाले आणि त्या एकमेकींना कर्ज देऊ लागल्या. याचा फोटो खाटांच्या रांगेइतका देणगीदाराच्या काळजाला हात घालत नाही, आणि संस्थाचालकांची खरी अडचण तीच आहे. आपल्याकडेही वाढदिवसाला आश्रमात जेवण देतात; त्या मुलांच्या मावशीचं वीजबिल भरायचं कुणाला सुचत नाही.

कायदा पुढे, गाव मागे

केनियाने २०१७ मध्ये नव्या बालसंस्थांची नोंदणी थांबवली. २०२२ च्या बालक कायद्याने नातेवाइकांकडचं संगोपन, पालककुटुंब आणि मुस्लिमांसाठी कफाला (दत्तक न घेता मूल सांभाळण्याची इस्लामी पद्धत) यांना कायदेशीर जागा दिली, आणि दहा वर्षांच्या संगोपन सुधारणा धोरणात खासगी बालगृहांनी आपलं रूप बदलून कुटुंबांना सेवा देणारी केंद्रं व्हावं, अशी दिशा ठरली. इथिओपियाने २०१८ मध्ये परदेशी दत्तक बंद केलं. ऑस्ट्रेलियात २०१८ च्या आधुनिक गुलामगिरीविरोधी कायद्याच्या चर्चेत मुलांना ‘कागदोपत्री अनाथ’ करून संस्थेत आणण्याला तस्करी म्हणायचं का, हा प्रश्न पुढे आला. सुट्टीत बालगृहात राबायला येणाऱ्या स्वयंसेवकांच्या सहलींवरही त्यानंतर कडक नजर पडली.

न ठरवता झालेली एक मोठी परीक्षा मार्च २०२० ची. करोनाच्या भीतीने केनिया सरकारने संस्थांना मुलं घरी पाठवायला सांगितलं, आणि काही दिवसांत हजारो मुलं गावी गेली. कुटुंबवादी म्हणाले, बघा, घरं होतीच. संस्थाचालक म्हणाले, घरं होती, पण चूल पेटत नव्हती, आणि ना कुणी आधी जाऊन पाहिलं, ना नंतर विचारपूस केली. दोघंही खरं बोलत होते.

काय सुटलेलं नाही

पहिली गाठ पैशाची. संस्था बंद करणं स्वस्त नाही. प्रत्येक मुलामागे समाजसेवक हवा, मग दोन-तीन वर्षं घरभेटी. २०२५ मध्ये यूएसएआयडी ही अमेरिकी सरकारची मदतसंस्था गुंडाळली गेली आणि याच कामांचा मोठा आधार तुटला. ज्या धर्मादाय बालगृहांना बदलायला सांगितलं जात होतं, त्यांच्या छोट्या-छोट्या खासगी देणग्या मात्र चालूच राहिल्या. त्यामुळे सुधारणा रखडली आणि खाट टिकली, असं घडण्याची शक्यता आहे.

दुसरी गाठ अशा मुलांची, ज्यांना परत पाठवायला खरंच कुणी नाही किंवा जिथे पाठवणं धोक्याचं आहे. अपंग मुलं, घरातच अत्याचार झालेल्या मुली, लहान वयातल्या लग्नातून किंवा खतनेतून पळून आलेल्या मुली. त्यांच्यासाठी छोटी, चांगली देखरेख असलेली निवासी सोय लागणार हे दोन्ही बाजू मान्य करतात. ‘छोटी’ म्हणजे दहा की पन्नास, आणि किती काळासाठी, यावर एकमत नाही.

तिसरी गाठ शाळेची. बालगृह बंद करून शाळा तेवढी ठेवली, तर चालते का? अनेक ठिकाणी हाच तोडगा सुचवला जातो, आणि मलाही तो सर्वांत कमी वाईट वाटतो. पण दिवसाच्या शाळेला तितके देणगीदार मिळतात का, आणि दूरच्या मुलींनी अंधारात चालत यावं का, या प्रश्नांची उत्तरं प्रत्येक गावापुरती वेगळी आहेत.

आणि संस्थेतून बाहेर पडलेल्यांचं म्हणणं अजून पुरेसं ऐकलं गेलेलं नाही. केनियात त्यांची स्वतःची संघटना आहे, केनिया सोसायटी ऑफ केअर लीव्हर्स. त्यांचे प्रश्न वसतिगृहाच्या खिडक्या-दारांचे नाहीत. अठरा वर्षं झाली की राष्ट्रीय ओळखपत्र काढायला जावं लागतं. खिडकीतला कारकून आधी आईवडिलांच्या ओळखपत्राची प्रत मागतो, मग विचारतो, गाव कोणतं, कुळ कोणतं. इंग्रजी उत्तम येणारा, चौदा वर्षं एका आवारात वाढलेला मुलगा तिथे संस्थेचं पत्र पुढे करतो. त्या पत्रावर शिक्का असतो, कुळाचं नाव नसतं.